एआरटीवरच्या (एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या) लोकांमधला आतड्याचा दाह : काय मोजायचं, नमुना कसा घ्यायचा, आकडा किती मानायचा

कातळ

एचआयव्ही आणि आतडं यावर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहून झालंय, पण नमुना घेण्यापासून आकडा वाचण्यापर्यंतचं सगळं एका जागी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या लहान प्रयोगशाळेला अशा अभ्यासासाठी नमुने गोळा करायचे झाले तर काय लागेल, हे एकत्र करायला हा धागा.

पहिले प्रश्न असे. रक्तातला कोणता मार्कर (दाह दाखवणारा पदार्थ) घ्यावा? मळाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन पुरेसं आहे का? मे महिन्यात खोलीचं तापमान ३३-३४ अंश आणि मध्येच वीज जाते, अशा ठिकाणी नमुने टिकवायचे कसे? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या माणसाच्या हातात रिपोर्ट द्यायचा की नाही?

सुरंगी

कातळ, मार्करच्या आधी आतडंच का, हे थोडक्यात मांडते. ते नीट बसलं की कोणता आकडा काय सांगतो ते आपोआप उलगडतं.

शरीरातल्या लिम्फोसाइटचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तराखाली असतो. तिथल्या सीडीफोर पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या लिम्फोसाइट) बहुतांशी मेमरी प्रकारच्या, आणि त्यांच्या अंगावर सीसीआर-फाइव्ह हा रिसेप्टर असतो. विषाणूला आत शिरायला नेमका तोच लागतो. त्यामुळे संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातला हा साठा मोठ्या प्रमाणात संपतो. रक्तातला सीडीफोर तेव्हा बऱ्यापैकी दिसत असतो. २००४ मध्ये माणसांच्या आतड्याच्या तुकड्यांवर हे स्पष्ट दाखवलं गेलं.

यात सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे टीएच-सतरा या प्रकारच्या सीडीफोर पेशींचा नाश. या पेशी आयएल-१७ आणि आयएल-२२ ही संदेशवाहक प्रथिनं सोडतात, आणि त्यांच्या जोरावर अस्तराची डागडुजी आणि जंतुरोधक प्रथिनांची निर्मिती चालते. त्या गेल्या की पेशींमधले सांधे सैल पडतात आणि आतड्यातल्या जंतूंचे तुकडे रक्तात उतरतात. २००६ मध्ये ब्रेंचली, डुएक आणि सहकाऱ्यांनी नेचर मेडिसिनमध्ये मांडलं, की एचआयव्हीत रोगप्रतिकारशक्ती सतत पेटलेली राहण्यामागे ही गळती एक मोठं कारण आहे. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी माकडांत त्यांच्या जातीचा विषाणू रक्तात भरपूर असतो, पण आतड्याची ही गळती आणि हा सततचा दाह नसतो, आणि ती माकडं सहसा आजारी पडत नाहीत. नुसता विषाणू किती आहे यावर सगळं ठरत नाही, ते यातून कळतं.

एआरटीने वायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबतो, रक्तातला सीडीफोर वर येतो. आतडं मात्र मागे राहतं. अस्तराखालच्या पेशी हळू भरतात, पुष्कळांत पूर्ण भरतच नाहीत. वायरल लोड सापडत नाही अशा माणसातही दाहाचे आकडे चढे राहतात ते यामुळे. उपचार जितक्या लवकर सुरू झाला तितकं आतडं जास्त वाचतं.

खाडीपल्याड

मार्करचं बोलू. एकच साखळी आहे आणि प्रत्येक मार्कर तिची वेगळी कडी मोजतो, हे डोक्यात असलं की गोंधळ होत नाही.

अस्तराच्या पेशी मरतात का? त्यासाठी आय-फॅब. साधारण १५ किलोडाल्टनचं लहान प्रथिन, लहान आतड्याच्या पेशींच्या आत असतं, पेशी फुटली की रक्तात येतं. लहान असल्यामुळे मूत्रपिंडातून झपाट्याने बाहेर पडतं, अर्धायुष्य काही मिनिटांचंच. म्हणजे आय-फॅब आत्ताची स्थिती सांगतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर आतडं ठीक असूनही आकडा वर जातो. रक्तातलं क्रिअॅटिनिन (मूत्रपिंड किती गाळतं ते दाखवणारा पदार्थ) न बघता आय-फॅब वाचूच नये. इथे एक बारकावा आहे : एआरटीतलं डोल्युटेग्राविर हे औषध क्रिअॅटिनिनचं मूत्रनलिकेतलं उत्सर्जन अडवतं, त्यामुळे गाळण क्षमता तीच असताना क्रिअॅटिनिन थोडं वाढतं. उलट टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल काहींच्या मूत्रनलिकेला खरोखरच इजा करतं. टीएलडी या एआरटीच्या एकाच गोळीत दोन्ही आहेत. म्हणून टीएलडी सुरू करण्याआधीचं क्रिअॅटिनिन नोंदीत हवं.

जंतूंचे तुकडे रक्तात आले का? एलपीएस, म्हणजे जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन, आणि त्याच्याशी बांधलं जाणारं एलबीपी हे प्रथिन. बुरशीसाठी तिच्या भिंतीतलं बीटा-डी-ग्लुकन.

आलेल्या तुकड्यांना शरीराने उत्तर दिलं का? विरघळता सीडी-चौदा, म्हणजे एससीडी-१४. मोनोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पेटल्या की त्यांच्या अंगावरून सुटतं. २०११ मध्ये सँडलर आणि सहकाऱ्यांनी स्मार्ट या एआरटीच्या मोठ्या चाचणीतले साठवलेले नमुने तपासले. एससीडी-१४ च्या सर्वांत वरच्या चतुर्थांशातल्या लोकांना मृत्यूचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या सुमारे ६ पट होता. त्याच अभ्यासात एलपीएसचा मृत्यूशी संबंध दिसला नाही. माझ्या मते एकच मार्कर परवडणार असेल तर एससीडी-१४ घ्यावा. तो टिकतो, गोठवून वितळवल्याने फारसा बिघडत नाही, आणि त्याच्यामागे पुरावा आहे. मर्यादा एकच : तो यकृतही बनवतं आणि कुठल्याही तीव्र आजारात वाढतो, म्हणजे तो फक्त आतड्याचा नाही. दोन मार्कर परवडले तर जोडीला आय-फॅब.

शेवटची कडी म्हणजे सर्वांगाचा दाह : आयएल-६, डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा), हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (दाहात यकृत सोडतं ते प्रथिन). यातून आतड्याबद्दल थेट काहीच कळत नाही.

मिरग

एलपीएस थेट मोजता येतं, तर मग आडवळणाने सीडी-चौदा कशाला? गळतीचा तोच तर मूळ पुरावा.

खाडीपल्याड

मिरग, शास्त्र म्हणून तुमचं बरोबर आहे, हातात घेतलं की घोटाळे सुरू होतात. ही चाचणी हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींच्या अर्कावर चालते, तिला एलएएल म्हणतात. माणसाच्या प्लाझ्मात तिला अडवणारे घटक असतात. म्हणून प्लाझ्मा दहापट किंवा जास्त विरळ करून गरम करावा लागतो, म्हणजे ते घटक निष्क्रिय होतात. तरीही प्रत्येक नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून किती परत मिळतं ते बघावं लागतं. ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर तो आकडा फेकायचा.

दुसरं, एंडोटॉक्सिन सगळीकडे असतं. बोटांवर, नळाच्या पाण्यात, पिपेटच्या साध्या टिपांवर. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एंडोटॉक्सिन तसंच राहतं. काचसामान २५० अंशांवर ३० मिनिटं कोरड्या उष्णतेत ठेवावं लागतं, आणि ट्यूब, टिपा एंडोटॉक्सिनमुक्त म्हणूनच विकत घ्याव्या लागतात. तिसरं, बुरशीतलं ग्लुकनसुद्धा हीच साखळी दुसऱ्या वाटेने चालू करतं. पावसाळ्यात आपल्या भिंतींना आणि कपाटांना काय येतं ते सांगायला नको. रिकॉम्बिनंट फॅक्टर सी वापरणाऱ्या किटमध्ये हा ग्लुकनचा गोंधळ होत नाही. पण बाकीची शिस्त तीच. ज्या प्रयोगशाळेत हे रोज होत नाही तिथे एलपीएस करू नये असं माझं ठाम मत आहे.

मिरग

पटलं. मग रक्त घेण्यापासून फ्रीजरपर्यंतचा क्रमही लिहाल का?

खाडीपल्याड

लिहितो.

सकाळी, रात्रभर उपाशी. चरबीयुक्त जेवणानंतर रक्तात एंडोटॉक्सिन तात्पुरतं वाढतं म्हणून. आदल्या दिवशी दारू नको. अंगमेहनतीनंतर लगेच रक्त घेऊ नये. जोराच्या श्रमात रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्याचा पुरवठा घटतो आणि आय-फॅब चढतं. आयबुप्रोफेनसारखी गोळी पोटात असेल तर आणखी चढतं. रात्रभर जाळी ओढून मिरकरवाड्याच्या जेटीवरून थेट आलेल्या खलाशाचा आकडा आणि घरून झोपून आलेल्या माणसाचा आकडा शेजारी ठेवून काही अर्थ निघणार नाही. त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, खुणेपर्यंत भरलेली, ८-१० वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, गदागदा हलवायची नाही. डी-डायमर घ्यायचं असेल तर निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब वेगळी, तीही पूर्ण भरलेली, कारण रक्त आणि सायट्रेटचं ९ ला १ प्रमाण बिघडलं की आकडा बिघडतो. निळी आधी भरायची, जांभळी नंतर.

शक्यतो २ तासांत, फार तर ४ तासांत सेंट्रिफ्यूज. १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर), १० मिनिटं. इथे नेहमीची चूक म्हणजे सगळे ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहितात. आरपीएम आणि जी एक नव्हेत. सूत्र : ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० आरपीएमला साधारण १५०० जी मिळतात. टेबलावरच्या लहान मशीनची त्रिज्या १० सेंमी असेल तर तेवढ्याच आरपीएमला फक्त १००० जी. तिथे ३६६० च्या आसपास ठेवावं लागतं. त्रिज्या मोजून मशीनवर चिकटवून ठेवा.

वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्यायचा. लोभ करून तिथपर्यंत गेलं की मोनोसाइट आणि प्लेटलेट सोबत येतात आणि गोठवल्यावर फुटतात, मग सीडी-चौदाचा आकडा खोटा वाढतो. काढलेला प्लाझ्मा दुसऱ्यांदा फिरवावा. मग ०.२५ मिलीच्या चार-पाच कुप्या. एकच मोठी कुपी ठेवली तर प्रत्येक चाचणीसाठी ती वितळवावी लागते, आयएल-६ ला ते मानवत नाही. लालसर झालेला प्लाझ्मा नोंदीत तसा लिहायचा. उणे ८० अंश.

उणे ८० नसेल तर उणे २० वर काही आठवडे चालवून घेता येतं. फक्त फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळा, तो बर्फ काढायला मधूनमधून स्वतःच गरम होतो.

रानमेवा

वीज गेली तर?

खाडीपल्याड

फ्रीजर उघडायचा नाही, एवढंच. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, भरलेला फ्रीजर थंडावा जास्त वेळ धरतो. आत कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर हवा. वीज आल्यावरचं तापमान बघून काही कळत नाही, मधल्या वेळात कुठपर्यंत चढलं होतं ते हवं. नमुने मुंबई-पुण्याला पाठवायचे असतील तर मोठा पाऊस लागायच्या आधी किंवा दसऱ्यानंतर. जुलैत घाटात दरड आली की गाडी तिथेच, आणि कोरडा बर्फ कुणासाठी थांबत नाही. वेष्टन तिहेरी : गळणार नाही अशी कुपी, शोषक कागदासकट दुसरा घट्ट डबा, वर कडक खोकं. कोरडा बर्फ हवाबंद डब्यात कधीही नको, वायूच्या दाबाने डबा फुटतो.

बकुळ

मळाच्या नमुन्याचं मी लिहिते. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन, त्या पेशीच्या द्रवातल्या प्रथिनांपैकी सुमारे ६० टक्के. न्यूट्रोफिल आतड्याच्या पोकळीत उतरले की ते मळात सापडतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमखाली ठीक, २५० च्या वर ठळक दाह, मधलं धूसर. हे आकडे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांसाठी बसवलेले आहेत. एचआयव्हीतल्या सूक्ष्म गळतीसाठी नाहीत. एआरटीवर स्थिर असलेल्या माणसाचा आकडा ४० आला म्हणून त्याचं आतडं पूर्ववत झालं असं म्हणता येत नाही. एचआयव्हीची इजा मुख्यतः लिम्फोसाइट आणि अस्तराची, न्यूट्रोफिल तिथे असतीलच असं नाही. उलट ४०० आला तर तो एचआयव्हीच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका, दुसरं कारण शोधा.

करण्याची रीत : नमुना कोरड्या, रुंद तोंडाच्या डब्यात, लघवी किंवा पाणी न मिसळता. लोकांना स्पष्ट सांगावं लागतं की भांड्यात आधी जुना कागद किंवा प्लास्टिक पसरा आणि त्यावरून घ्या. अक्रोडाएवढा पुरे. खोलीच्या तापमानाला तीन दिवस टिकतं असं छापलेलं असतं, पण ते २०-२५ अंशांच्या खोल्यांसाठी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत अर्क काढावा.

अर्क काढताना १०० मिलिग्रॅम मळ आणि ४.९ मिली बफर, म्हणजे ५० पट विरळ. ३० मिनिटं जोरात हलवायचं, मग फिरवून वरचं पाणी घ्यायचं. वजन इथे जीव आहे. १०० च्या जागी ६० मिलिग्रॅमच घेतलं आणि हिशेब १०० चा केला तर आकडा ४० टक्क्यांनी कमी निघतो. तराजू एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, पंखा बंद. खाचांची काडी असलेलं किट सोपं, पण पातळ मळ खाचांत राहत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. जुलाब असेल तर काडी नको, पिपेटने घ्या आणि फॉर्मवर मळाचा प्रकार लिहा.

एकाच माणसाचा आकडा दिवसादिवसाला बराच हलतो. सकाळचा पहिला नमुना घ्या, आणि दुसऱ्यांदा करायचं तर त्याच किटवर. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

रानमेवा

खासगी लॅबच्या पॅकेजमध्ये लीकी गट (गळकं आतडं) म्हणून झोन्युलिन दाखवतात. त्याचा उपयोग?

बकुळ

करू नये. बाजारातल्या बऱ्याच एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजणाऱ्या) किट झोन्युलिन म्हणून भलतंच प्रथिन पकडतात, हे २०१७ नंतर वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलंय. खरं झोन्युलिन म्हणजे हॅप्टोग्लोबिन-२ चं आधीचं रूप, आणि काही माणसांत ते जनुकानेच बनत नाही. त्यांच्याही रक्तात किट आकडा दाखवते. त्या पैशात मळाची सूक्ष्मदर्शक तपासणी तीन वेळा होईल, आणि तिचा फायदा रुग्णाला होईल.

सुरंगी

बकुळताईंचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत वर ठेवायचा आहे. सीडीफोर २०० च्या खाली आणि जुलाब, अशा माणसासमोर मार्करचा विचार नंतर. आधी जंतू शोधायचे.

बकुळ

हो. साध्या ओल्या काचपट्टीवर जिआर्डिया, अमिबा, स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या दिसतील. क्रिप्टोस्पोरिडियम आणि सिस्टोआयसोस्पोरा साध्या पट्टीवर हुकतात, त्यासाठी मॉडिफाइड अॅसिड फास्ट रंग द्यावा लागतो. टीबीच्या थुंकीला वापरतो तेवढं तीव्र आम्ल इथे चालत नाही, रंग धुऊन जातो. १ टक्का सल्फ्युरिक आम्ल घ्या. माप बघून ओळखायचं : क्रिप्टो ४ ते ६ मायक्रॉन गोल, सायक्लोस्पोरा ८ ते १० गोल, सिस्टोआयसोस्पोरा लांबट आणि २० ते ३० मायक्रॉन. आयपीसला (सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगाला) मापपट्टी नसेल तर शेजारच्या तांबड्या पेशीशी तुलना करा, ती सात-साडेसात मायक्रॉन. एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून सोडू नका. वेगवेगळ्या दिवशी तीन घ्या, कारण हे जंतू रोज बाहेर पडत नाहीत. सिस्टोआयसोस्पोरा को-ट्रायमोक्सॅझोलला उत्तम जातो, म्हणून तो सापडणं मोलाचं.

सुरंगी

आता कोकणापुरत्या गफलती. अभ्यासाच्या फॉर्मवर यांचे रकाने नसतील तर शेवटी आकडे असतील आणि अर्थ नसेल.

वेदनाशामक गोळ्या पहिल्या. बागेत आणि बंदरावर राबणाऱ्यांत कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक रोजचं असतं. त्याने लहान आतड्याला बारीक जखमा होतात आणि कॅलप्रोटेक्टिन चढतं. दोन आठवडे बंद ठेवून मग नमुना घ्यावा. अॅसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनीही कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं दिसतं. लोक या गोळ्यांना औषध म्हणून मोजतच नाहीत, त्यामुळे नाव घेऊन, पाकीट दाखवून विचारावं.

पोटाचा टीबी दुसरा. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथे तो बसतो, कॅलप्रोटेक्टिन भरपूर वाढवतो आणि क्रोन्ससारखा दिसतो. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, उजव्या बाजूला खाली दुखणं असेल तर मार्कर बाजूला ठेवून सोनोग्राफी, गरज पडल्यास कोलोनोस्कोपी आणि तुकड्याची तपासणी. सीडीफोर ५० च्या खाली आणि रक्त पडत असेल तर सीएमव्ही या विषाणूचाही शोध.

पावसाळा तिसरा. जून ते ऑक्टोबर लेप्टो, डेंग्यू, दूषित विहिरीचे जुलाब. यातल्या कशानेही सीआरपी आणि सीडी-चौदा वर जातात. गेल्या ४ आठवड्यांत ताप किंवा जुलाब झाला असेल तर नमुना पुढे ढकला.

आणि चौथं, जे बाहेरच्या देशांतले आकडे जसेच्या तसे लावताना विसरलं जातं. जिथे लहानपणापासून पोटात जंतू जात राहतात तिथे एचआयव्ही नसलेल्या माणसांचंही लहान आतडं थोडं सुजलेलं, चपटं झालेलं असतं. त्यांचंही आय-फॅब आणि एलबीपी चढं असू शकतं. म्हणून तुलनेचा गट त्याच वाड्यांतला, त्याच विहिरींचं पाणी पिणारा, एचआयव्ही नसलेला हवा. तो नसेल तर एचआयव्हीमुळे किती आणि पाण्यामुळे किती, ते वेगळं काढता येणार नाही. यकृतासाठी हेपॅटायटिस बी आणि सी तपासलेले असावेत, दारूचं प्रमाण विचारलेलं असावं.

तारवं

बरा झाला ह्या सगळा एका जाग्यार इला. समुपदेशनाच्या बाजूने थोडी भर घालतो.

नमुन्याच्या डब्यावर नाव नको, एचआयव्ही हा शब्द तर कुठेच नको. नुसता क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या कुलपात, एकाच माणसाकडे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात गुप्तता आणि समजावून घेतलेली संमती दोन्ही बंधनकारक आहेत. एआरटीसाठी दिलेली संमती अभ्यासासाठी चालत नाही, ती वेगळी घ्यावी लागते, आणि नाही म्हटलं तरी गोळ्या चालूच राहणार हे त्याच बैठकीत सांगावं लागतं.

आपल्याकडे गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. घरी जाऊन डबा गोळा करू नका. गोळ्या न्यायला माणूस ज्या दिवशी एआरटी सेंटरला येणार त्याच दिवसाला नमुना जोडा, डबा आदल्या फेरीत साध्या कापडी पिशवीत देऊन ठेवा. उपाशी यायला सांगताना एसटीची वेळ विचारा. देवगड किंवा गुहागरच्या टोकाच्या वाडीतून पहिली गाडी पकडून येणारा माणूस अकरापर्यंत उपाशी राहतो, रक्त घेतल्यावर लगेच चहा-नाश्त्याची सोय हवी.

बोटीवरच्या खलाशांचा हिशेब वेगळा. १ जूनला मासेमारी बंद झाली की परगावचे खलाशी आपापल्या मुलखात जातात. सहा महिन्यांनी दुसरा नमुना असेल तर पहिला नोव्हेंबरात आणि दुसरा एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला घ्यावा, नाहीतर निम्मे हाती लागत नाहीत. जाताना गोळ्यांचा पुरेसा साठा आणि तिकडच्या सेंटरचं पत्र देणं हे नमुन्यापेक्षा जास्त गरजेचं. गोळ्या तुटल्या की काय होतं ते स्मार्ट चाचणीने २००६ मध्येच दाखवलं. सीडीफोर बघून मध्ये उपचार थांबवलेल्या गटात आजार आणि मृत्यू दोन्ही जास्त होते.

गणपतीत नमुने ठेवू नका. मुंबईकर आलेले असतात, घर भरलेलं असतं, आणि उपास, मोदक, जागरण यांत खाण्याचं काही सांगता येत नाही.

रानमेवा

सामान्य माणसाच्या बाजूने विचारते. एआरटीवर असलेल्याने आपल्या खर्चाने सीडी-चौदा वगैरे करून घ्यावं का? आणि वाढलेलं निघालं तर कमी कशाने होतं?

सुरंगी

रानमेवाताई, पहिल्याचं उत्तर नाही. या मार्करला एका माणसासाठी ठरलेली मर्यादा नाही आणि आकड्यावरून बदलायचा असा उपचारही नाही. गटांची तुलना करायला ते उत्तम, एका माणसाच्या फाइलीत ते फक्त काळजी वाढवतात. कातळ, तुमच्या रिपोर्टच्या प्रश्नाचं उत्तरही हेच : एससीडी-१४ आणि आय-फॅब रुग्णाला देऊ नका. कॅलप्रोटेक्टिन २५० च्या वर आलं किंवा मळात जंतू सापडला तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे. हे संमतीपत्रात आधीच लिहा. सीडीफोर आणि सीडी-एट (दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट) यांचं गुणोत्तर हा त्यातल्या त्यात स्वस्त आकडा. वायरल लोड दबूनही ते खाली राहत असेल तर आतली आग विझलेली नाही असं समजायला जागा असते.

दुसऱ्याचं उत्तर देताना वाईट वाटतं, कारण बऱ्याच गोष्टी करून बघितल्यात. रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकने फरक नगण्य पडला. मेसालामिन या आतड्याच्या दाहावरच्या औषधाने पडला नाही, फॉस्फेट बांधणाऱ्या सेव्हेलामरनेही नाही. प्रोबायोटिकच्या एका नीट आखलेल्या चाचणीत २४ आठवड्यांनी सीडी-चौदा हललं नाही. त्यामुळे महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर कुणी पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगते.

उपयोग होतो तो लवकर सुरू केलेल्या आणि न तुटलेल्या एआरटीचा. आणि स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा. रोसुवास्टॅटिनने सीडी-चौदा थोडं उतरलं होतं. २०२३ च्या रिप्रिव्ह चाचणीत ४० ते ७५ वयाचे, एचआयव्हीसह जगणारे ७,७६९ लोक होते, हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेले. रोज ४ मिलिग्रॅम पिटावास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. चाळिशी ओलांडलेल्याने मार्करपेक्षा आपल्या डॉक्टरांना स्टॅटिनबद्दल विचारावं. तंबाखू-मिश्री आणि दारू सोडणं याच रांगेत येतं.

रानमेवा

आणि खाणं?

सुरंगी

खाण्याने सीडी-चौदा अमुक इतकं उतरतं असं मी सांगणार नाही. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना तंतुमय अन्न लागतं, ते मोठ्या आतड्यात आंबून ब्युटिरेट तयार होतं आणि अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. नाचणी, कुळीथ, उकड्या तांदळाची पेज, वाल, लाल माठ, शेवग्याचा पाला, हे आपल्या परसातलंच. जुलाब चालू असताना मात्र पेज आणि ओआरएस, एका पाकिटाला १ लीटर उकळून गार केलेलं पाणी. सीडीफोर कमी असेपर्यंत कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) पूर्ण शिजवून, विहिरीचं पाणी खळखळून उकळून. क्लोरिनने क्रिप्टो मरत नाही, उकळण्याने मरतो.

एक औषधाची गोष्ट. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर हे कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियमला चिकटतं आणि शोषलं जात नाही. अॅसिडिटीचं पातळ औषध घ्यायचं तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, उपाशीपोटी एकत्र नकोत. पोटासाठी म्हणून घेतलेल्या औषधाने वायरल लोड वाढायची वेळ येऊ नये.

खाडीपल्याड

एलायझाच्या प्लेटवर (खळग्यांच्या तबकडीवर) बसण्याआधीचं राहिलं होतं. एससीडी-१४ प्लाझ्मात साधारण १ ते ३ मायक्रोग्रॅम प्रति मिली असतं, म्हणजे किटच्या कक्षेच्या फार वर. दोनशे पटीच्या आसपास विरळ करावं लागतं, आणि ते दोन पायऱ्यांत करा, एकदम २ मायक्रोलीटर उचलण्यात चूक मोठी होते. आय-फॅब मात्र पिकोग्रॅममध्ये, थोडंच विरळ करायचं. दोन्हींचा घोळ होऊ नये म्हणून प्लेटचे नकाशे आदल्या दिवशी कागदावर काढा.

एकाच माणसाचे दोन्ही वेळचे नमुने एकाच प्लेटवर. पहिले आत्ता आणि दुसरे सहा महिन्यांनी असं केलं तर जो फरक दिसेल तो माणसाचा की किटच्या बॅचचा हे कळणार नाही. प्रत्येक नमुना प्लेटच्या दोन विहिरींत (खळग्यांत), दोहोंत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा. १०-१२ जणांचा प्लाझ्मा एकत्र करून त्याच्या कुप्या गोठवून ठेवा आणि प्रत्येक प्लेटवर एक लावा, प्लेटा एकमेकींशी जुळतात का ते त्यावरून कळतं. पट्ट्यांची पिशवी गार असताना उघडू नका, आपल्या दमट हवेत आत लगेच दव धरतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, उरलेल्या पट्ट्या ओल शोषणाऱ्या पुडीसकट बंद करा. ३४ अंशांच्या खोलीत रंग लवकर चढतो आणि कडेच्या विहिरी मधल्यांपेक्षा गडद होतात. २५ ला एसी लावूनच बसा, आणि थांबवायचं द्रावण ज्या क्रमाने रंगद्रव्य घातलं त्याच क्रमाने घाला.

डी-डायमरचा रिपोर्ट एफईयू या एककात आहे की डीडीयू या एककात ते बघा, पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो.

बकुळ

सुरक्षिततेचं. सगळेच नमुने संसर्गजन्य धरून हातमोजे घाला, फक्त कोडवाल्यांनाच वेगळी वागणूक दिलीत की गुप्तता तिथेच गेली. सांडलं तर शोषक कागद टाकून त्यावर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, मग पुसणं. द्रावण रोज ताजं. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि पीईपीसाठी (संसर्ग टाळायच्या गोळ्यांसाठी) शक्यतो २ तासांत पोचा. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. गोळ्या २८ दिवस. जवळचं पीईपी केंद्र कुठलं आणि रात्री कोण भेटतं हे भिंतीवर लिहिलेलं असावं.

कातळ

धन्यवाद सगळ्यांना. यावरून असं ठरवतोय : एससीडी-१४ आणि आय-फॅब, सोबत क्रिअॅटिनिन, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी आणि सीडीफोर-सीडीएट. मळात कॅलप्रोटेक्टिन, आणि ज्यांना जुलाब आहेत त्यांचे तीन नमुने रंग देऊन. एलपीएस आणि झोन्युलिन नाही. पहिली फेरी नोव्हेंबरात, दुसरी एप्रिलच्या शेवटी. तुलनेचा गट त्याच वाड्यांतला.

कुप्यांवर लिहायचं कशाने, एवढं शेवटचं. मार्करची शाई दमट हातात पुसली जाते.

खाडीपल्याड

उणे ८० ला टिकणारी चिकटपट्टी घ्या आणि ती कुपी गोठवायच्या आधी, कोरडी असताना लावा. गोठलेल्या कुपीवर काहीच चिकटत नाही. ती मिळेपर्यंत पांढऱ्या खरबरीत पट्ट्यावर शिसपेन्सिलीने लिहा, आणि तोच क्रमांक झाकणावरही.